नॉयहाउसने १९१२ साली नेमकं काय केलं, आणि तुमची चॉकलेटं खालून का गळतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ठाण्यात घरून भरलेली चॉकलेटं करून विकता. ‘ब्रुसेल्सच्या नॉयहाउस घराण्याने १९१२ साली प्रालीनचा, म्हणजे तिकडच्या भरलेल्या चॉकलेटचा, शोध लावला’ हे वाक्य तुम्ही बऱ्याच ठिकाणी वाचलंत. पण प्रालीन तर फ्रान्सची, आणि आत सारण असलेलं चॉकलेट इंग्लंडमध्ये त्याच्याही आधी मिळत होतं, मग शोध लावला तो कशाचा, हा तुमचा पहिला मुद्दा. कंपनी आजही त्याच घराण्याची आहे का, हा दुसरा. तिसरा तुमच्या ओट्यावरचा: तुमची चॉकलेटं दोन-तीन दिवसांत खालून गळतात, त्यांची का गळत नाहीत. आणि शेवटी जाता जाता विचारलंय, की डब्यावर ‘बेल्जियन’ लिहिलं तर चालेल का.

या तीन-चार वेगळ्या शंका वाटतात, पण पहिली आणि तिसरी एकच आहे. नॉयहाउसने जे केलं ते कवचाचं काम होतं, आणि तुमचं बिघडतंय तेही कवचच. म्हणून इतिहास आधी सांगतो, कृती नंतर. कृतीतल्या आकड्यांपैकी काही तुमच्या खोलीचं तापमान, हवेतला दमटपणा, साचा आणि क्रीम यांवर ठरतील. तिथे तसं सांगेन.

घराण्याची सुरुवात औषधांच्या दुकानापासून होते. जाँ नॉयहाउस हे स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलहून ब्रुसेल्सला आले आणि १८५७ साली त्यांनी आपल्या मेव्हण्याबरोबर, जो औषधविक्रेता होता, गॅलरी द ला रेनमध्ये दुकान थाटलं. ही जागा लक्षात घेण्यासारखी आहे. ही गॅलरी ज्यांचा भाग आहे त्या रॉयल सेंट ह्युबर्ट गॅलऱ्या १८४७ साली उघडल्या होत्या. वर काचेचं छत, दोन्ही बाजूंना दुकानं, आतच नाट्यगृह. पाऊस असो की थंडी, खाऊन-पिऊन सुखी माणसं तिथे फिरायला येत. दुकानात खोकल्याच्या गोळ्या, पोटासाठी ज्येष्ठमधाच्या वड्या आणि कडू चॉकलेटच्या वड्या मिळत. औषधाची कडू चव झाकायला चॉकलेटचा थर देत, असं कंपनी आपल्या इतिहासात सांगते. त्या काळात औषधाच्या दुकानात चॉकलेट असणं यात काही नवल नव्हतं. युरोपात कोको आधी शक्तिवर्धक म्हणूनही विकला जाई.

अशा गॅलरीत दुकान असलं की गिऱ्हाईक हळूहळू धंद्याला आपल्या बाजूला ओढून नेतं. नाटक सुटल्यावर येणाऱ्याला खोकल्याची गोळी नको असते. १८९५ साली जाँ आणि त्यांचा मुलगा फ्रेदेरिक यांच्या दुकानाचं नाव ‘कॉन्फिसरी ए शोकोलातरी नॉयहाउस-पेरँ’ झालं, म्हणजे आता उघडउघड मिठाई आणि चॉकलेटचं दुकान. प्रालीन केली ती फ्रेदेरिकच्या मुलाने, त्याचंही नाव जाँ. म्हणून काही ठिकाणी ‘संस्थापकाने प्रालीन शोधली’ असं चुकीचं छापून येतं. संस्थापक आजोबा, प्रालीनवाला नातू. दोघांमध्ये ५५ वर्षं आहेत.

आता ‘शोध’ या शब्दाकडे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासून साखरेत परतलेल्या बदामाला प्रालीन म्हणतात. बेल्जियममध्ये त्याच नावाने भरलेलं चॉकलेट ओळखलं जातं. शिवाय इंग्लंडच्या फ्राय कंपनीने १८६६ सालीच फाँडंटवर, म्हणजे साखरेचा पाक घोटून केलेल्या घट्ट गोळ्यावर, चॉकलेटचा थर दिलेली वडी बाजारात आणली होती. म्हणजे ‘चॉकलेटच्या आत काहीतरी’ ही कल्पना १९१२ ची नव्हे. तुमची शंका रास्त आहे.

फरक करण्याच्या पद्धतीत आहे. फ्रायच्या पद्धतीत आतला गर आधी घट्ट तयार करायचा आणि त्यावर चॉकलेट ओतायचं किंवा तो चॉकलेटमध्ये बुडवायचा. त्यासाठी गर स्वतःच्या पायावर उभा राहणारा हवा: फाँडंट, मार्झिपान (बदाम-साखरेचा गोळा), नट, नुगा (नट घातलेली साखरेची चिकट वडी). मऊ गर असा बुडवता येत नाही, तो काट्यावरच फसकतो. नॉयहाउसच्या प्रालीनमध्ये आधी चॉकलेटचं पोकळ, टणक कवच आणि मग त्यात मऊ सारण. एकदा कवच आधी झालं, की सारणाला स्वतःचा आकार असण्याची गरज उरत नाही. क्रीम, लोणी, नटाची पातळ पेस्ट, मद्याचा अंश असलेलं गनाश (क्रीम आणि चॉकलेट एकत्र करून केलेलं मऊ सारण), सगळं चालतं. बेल्जियन चॉकलेटची म्हणून जी चव जगाला माहीत आहे, पातळ कवच कडकन मोडतं आणि आत एकदम लोण्यासारखं लागतं, ती या क्रमातून आली.

आपल्याकडे उकडीच्या मोदकात सारण कोणीही करतं, पारी मात्र हातात असावी लागते. इथेही तसंच आहे.

हे १९१२ च्या आसपास का जमलं आणि १८५७ ला का नाही, याचं कारण यंत्रांत सापडतं. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हान हाउटेन यांनी कोकोतलं बटर दाबून वेगळं काढायची पद्धत आणली. त्यामुळे चॉकलेटमध्ये वरून जादा कोको बटर घालता येऊ लागलं. १८७९ साली स्वित्झर्लंडमध्ये रोडोल्फ लिंट यांनी कौंचिंग आणलं, म्हणजे चॉकलेट तासन्‌तास घोटत राहणं. त्याने रवाळपणा गेला आणि वितळलेलं चॉकलेट खरोखर ओतता येईल असं झालं. त्याआधीचं चॉकलेट लगद्यासारखं असे. लगदा साच्यात ठोकून वडी होते, पण साचा भरून उलटा केला तर आत दोन मिलिमीटरचा सारखा थर राहत नाही. भरपूर कोको बटर असलेलं, ओतता येणारं हे चॉकलेट म्हणजेच आजचं कुव्हर्चर. युरोपीय नियमाप्रमाणे त्यात किमान ३१ टक्के कोको बटर लागतं.

आता डबा. माझ्या मते या घराण्याचं निम्मं श्रेय त्याला आहे आणि ते नेहमी एका ओळीत उरकलं जातं. मऊ सारणाची चॉकलेटं तेव्हा कागदाच्या शंकूच्या आकाराच्या पुडीत देत. शंकूत सगळा भार टोकाशी जातो. खालचं चॉकलेट वरच्या पावशेराखाली येतं, आणि कवच दोन मिलिमीटरचं असेल तर ते फुटणारच. घट्ट फाँडंटच्या वड्यांना हा त्रास नव्हता. तो प्रालीननेच निर्माण केला. जाँ यांच्या पत्नी लुईज अगोस्तिनी यांनी १९१५ साली त्यावर बालोताँ काढला आणि त्याचं पेटंट घेतलं गेलं. तेव्हा ब्रुसेल्स जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं. सपाट तळाचा, वर किंचित रुंद होत जाणारा पुठ्ठ्याचा डबा, चॉकलेटं थरांत, मध्ये कागद, आणि वरून रुंद पाकळ्या एकमेकींवर दुमडून बंद. सपाट तळामुळे भार सगळ्यांवर सारखा वाटला जातो. भिंती बाहेर झुकलेल्या असल्याने वरून हात घालून चॉकलेटं रचता येतात आणि खरचटत नाहीत. आणि मुख्य म्हणजे दुकानदाराला तोलून, रचून, बंद करून देता येतं: २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम, किलो. आज बेल्जियममधलं जवळपास प्रत्येक चॉकलेट दुकान हाच आकार वापरतं.

पुढची पिढी जावयाची. आदेल्सॉन द गाव्र यांनी दुकानाला नव्या चवी दिल्या. १९३७ चं ‘बोनबोन १३’ त्यांच्या काळातलं. १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी, जिथे अॅटोमियम उभारलं गेलं, नॉयहाउसने ‘काप्रीस’ आणि ‘तांतासिओं’ आणली. ती आजही विकली जातात आणि धंद्यातल्या माणसाने एकदा तरी कापून बघावीत अशी आहेत. त्यांत कवचाच्या जागी नुगातीन आहे, म्हणजे कारमेल केलेल्या साखरेत नटाचे तुकडे घालून लाटलेली पातळ चकती. ती गरम असतानाच कापून हाताने वळावी लागते. थंड झाली की काचेसारखी तडकते. आत व्हॅनिलाचं क्रीम किंवा कॉफीचं गनाश, आणि मग वरून चॉकलेट. नुगातीन ओलावा शोषते आणि लिबलिबीत होते. म्हणून बाहेर चॉकलेटचा अखंड थर लागतो. कुठे टाचणीएवढं भोक राहिलं तर तिथून ती मऊ पडायला लागते. नॉयहाउसच्या प्रत्येक टप्प्यावर हाच एक प्रश्न समोर दिसतो: मऊ आणि ओलं आत कसं कोंडायचं.

मालकीचं उत्तर छोटं आहे. नाही, कंपनी घराण्याकडे राहिलेली नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती नॉयहाउस कुटुंबाच्या हातून गेली, नंतर मालक बदलत गेले, आणि २००६ पासून ती कंपनी द्यु ब्वा सोवाज या बेल्जियन गुंतवणूक कंपनीकडे आहे. कारखाना ब्रुसेल्सजवळ व्लेझेनबेकला आहे आणि गॅलरी द ला रेनमधलं दुकान त्याच जागी आहे. इतर घराण्यांचंही फारसं वेगळं झालं नाही. गोडायव्हा १९२६ साली ब्रुसेल्समध्ये द्राप कुटुंबाने सुरू केली. १९६० च्या दशकात ती अमेरिकेच्या कॅम्पबेल सूप कंपनीकडे जाऊ लागली आणि २००७ साली तुर्कस्तानच्या यिल्दिझ समूहाने घेतली. शिंपल्यांच्या आकाराची गिलियन २००८ साली कोरियाच्या लोत्तेकडे गेली. आणखी एक घोटाळा टाळा: हत्तीचं चित्र असलेली कोत द’ओर १८८३ साली शार्ल नॉयहाउस यांनी नोंदवली. आडनाव सारखं असलं तरी ती निराळी कंपनी, प्रालीनच्या दुकानाशी तिचा संबंध जोडू नका.

तुमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं घराणं मात्र कालेबो. बहुतेक बेल्जियन प्रालीनवाले कोकोच्या दाण्यापासून चॉकलेट करत नाहीत. ते कुव्हर्चर विकत घेतात, मोठे तर गरम टाकीच्या टँकरमधून पातळ स्थितीतच. हा कच्चा माल पुरवणाऱ्यांत वीझ गावचं कालेबो कुटुंब मोठं. १८५० साली बिअरची भट्टी, १९११ पासून चॉकलेट, १९२५ पासून कुव्हर्चर. १९९६ साली फ्रान्सच्या काकाओ बारीशी एकत्र होऊन बारी कालेबो झाली. तिचा एक कारखाना २०२० पासून आपल्या बारामतीत आहे. तेव्हा पिशवीवरचं नाव बेल्जियन असलं तरी माल कुठे तयार झाला ते मागच्या बाजूला वाचा. दर्जा बारामतीत कमी होतो असं मी म्हणत नाही, पण शेवटच्या प्रश्नासाठी तो मजकूर लागणार आहे.

आता तुमचा साचा.

आधी चॉकलेट कुठलं ते बघा. कंपाउंड वापरत असाल, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असलेलं, तर टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांवर वितळवून, गार करून पुन्हा किंचित तापवणं, लागत नाही. पण बेल्जियन कवचाचा कडकपणा आणि तोंडात विरघळणं त्यात येत नाही. कुव्हर्चर असेल तर पिशवीवरचे थेंब बघा. कालेबोच्या पिशवीवर एक ते पाच थेंब छापलेले असतात, जास्त थेंब म्हणजे जास्त पातळ. साच्यासाठी तीन थेंब ठीक. ८११ नंबरचं गडद आणि ८२३ नंबरचं दूध चॉकलेट, दोन्ही तीन थेंबांचीच आहेत. एक-दोन थेंबांचं घेतलंत तर कवच जाड होईल आणि बुडबुडे अडकतील.

एका साच्यात २४ खाचे आणि प्रत्येक चॉकलेट १२ ग्रॅमचं धरलं, तर कवच आणि झाकण मिळून ५ ग्रॅम आणि सारण ७ ग्रॅम, असं प्रमाण ठेवा. एकूण चॉकलेट १२० ग्रॅमच लागतं, पण भांड्यात निदान एक किलो असू द्या. साचा काठोकाठ भरून उलटायचा असतो, आणि थोडं चॉकलेट काम चालू असतानाच गार होतं. पाव किलोवर टेम्परिंग धरायचा प्रयत्न करणं म्हणजे दर दोन मिनिटांनी तापमानामागे धावणं.

टेम्परिंगचं कारण एका वाक्यात: कोको बटर अनेक प्रकारच्या स्फटिकांत गोठतं, आणि त्यातला एकच प्रकार चमक, कडकपणा आणि आकसणं देतो. बाकीचे मोडायचे आणि तोच वाढवायचा. गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, २७-२८ पर्यंत उतरवा, परत ३१-३२ वर आणून काम करा. दूध चॉकलेटला ४५, मग २६-२७, मग २९-३०. पांढऱ्याला ४०-४५, मग २५-२६, मग २८-२९. घरी सोपी पद्धत बीजाची: दोन तृतीयांश वितळवून त्यात एक तृतीयांश न वितळलेले दाणे टाकून हलवत राहा. ते दाणे चांगल्या स्फटिकांचे असल्याने बाकीच्यांना वळण लावतात. मात्र दाणे स्वतः टेम्पर झालेले, चमकदार हवेत. उन्हाने पांढरट पडलेल्या पिशवीचे दाणे बीज म्हणून घेऊ नका. सुरीचं टोक बुडवून २० अंशांच्या खोलीत ठेवा. चार-पाच मिनिटांत चमकदार घट्ट झालं तर पुढे जा. ओघळ किंवा करड्या रेघा दिसल्या तर परत हलवा.

साचा पॉलिकार्बोनेटचा असू द्या, सिलिकॉनचा नको. सिलिकॉन लवचिक, त्यातलं कवच नीट सुटण्यापूर्वी वाकतं आणि त्याला बारीक चिरा पडतात, ज्या डोळ्यांना दिसत नाहीत. खाचे कोरड्या कापसाने घासून घ्या. बोटाचा ठसा राहिला तरी त्या जागी चॉकलेट चिकटतं. साचा २५-२६ अंशांवर असावा. एसीच्या खोलीत तो गार पडतो, मग पहिला थर आदळताच गोठतो आणि खाली हवेचे कोश राहतात.

भरा, ओट्यावर अर्धा मिनिट टकटक करा, म्हणजे बुडबुडे वर येतील. साचा उलटा करा, बाजूला हलके ठोके द्या, जादा चॉकलेट भांड्यात पडू द्या. उलटाच ठेवून पट्टीने पृष्ठभाग खरवडा. मग सरळ करून, थोडं घट्ट व्हायला लागलं की पुन्हा एकदा खरवडा, म्हणजे कडा धारदार होतात. झाकण याच कडेला धरणार आहे. कवचाची जाडी दीड ते दोन मिलिमीटर. उजेडासमोर धरा. कोपऱ्यात उजेड आरपार दिसला तर तिथून गळणार. गळणाऱ्या चॉकलेटांत बहुतेक वेळा चूक याच कोपऱ्यात असते, तळाच्या मधोमध नाही.

सारणासाठी एक गडद गनाश सांगतो: ५४-५५ टक्क्यांचं कुव्हर्चर २५० ग्रॅम, ३५ टक्के फॅटचं क्रीम २०० ग्रॅम, ग्लुकोज २५ ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम. युरोपातल्या पुस्तकांतली प्रमाणं साधारण अशी असतात, पण आपल्याकडे घरोघरी मिळणारं क्रीम २५ टक्के फॅटचं असतं. तेच २०० ग्रॅम घातलंत तर पाणी वाढतं आणि फॅट कमी पडतं. गनाश सैल राहतं, फाटतं, लवकर खराब होतं. म्हणून १५० ग्रॅमच क्रीम घ्या आणि वरच्या लोण्यात आणखी ४० ग्रॅम मिळवा, एकूण ७० ग्रॅम. फॅट जवळपास तेवढंच राहतं आणि पाण्याचं वजन ३५ टक्के क्रीमच्या कृतीपेक्षा थोडं कमीच भरतं. क्रीम उकळी येईतो तापवून ७०-७५ अंशांवर येऊ द्या, ते चॉकलेटवर तीन भागांत घाला, मधून सुरू करून हलवत जा. लोणी ३५-३७ अंशांवर घाला. तापमान २८ च्या खाली आल्यावरच कवचात भरा. ३२ अंशांचं गनाश कवचाला आतून वितळवतं, आणि कवच टेम्पर झालं असलं तरी बिघडतं. बाहेर करडा डाग आठवड्याने दिसतो, कारण आजचं असतं.

काठोकाठ भरू नका. वरून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. मग १६ ते १८ अंशांत १२ तास ठेवा. या वेळात गनाशच्या वर एक पातळ पापुद्रा येतो आणि झाकणाचं चॉकलेट त्यावर विसावतं. ओल्या गनाशवर लगेच झाकण टाकलंत तर गनाश बाजूंनी वर दाबलं जातं, कवच आणि झाकण यांच्या मधल्या शिवणीत शिरतं, आणि शिवण कधीच जुळत नाही. झाकण टाकण्याआधी हॉट एअर गन एक-दोन सेकंद कडांवरून फिरवा, कड किंचित ओलसर चमकली की पुरे. झाकणाचं चॉकलेट ओता, पट्टी सुमारे ४५ अंश तिरकी धरून एकाच ओढीत खरवडा. मग दहा-पंधरा मिनिटं ८-१० अंशांच्या फ्रिजमध्ये. चॉकलेट आकसलं की खालून साच्यात पांढुरकी पोकळी दिसते. तेव्हा उलटा, स्वतःहून पडतील. आपटावं लागत असेल तर टेम्परिंग चुकलंय.

तुम्ही सारणाचा नेमका प्रकार लिहिलेला नाही, म्हणून गळतीचं निदान वेळेवरून करा. काढल्यावर त्याच दिवशी चिकट ठिपका दिसला, तर कवचात बुडबुड्याचं भोक किंवा पातळ कोपरा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेही तळाच्या गोल कडेवर, तर शिवण. तुमच्या वर्णनावरून हेच वाटतं. खाचा काठोकाठ भरलेला किंवा गनाश ओलं असताना झाकलेलं. आठवड्याने कवच फुगून चीर पडली, आत बारीक बुडबुडे दिसले आणि आंबूस वास आला, तर ते आंबलंय. सगळा घाणा फेकून द्या, चाखूनसुद्धा बघू नका. त्या वेळी दोष कवचाचा नसतो, पाण्याचा असतो: क्रीम जास्त, साखर-ग्लुकोज कमी, किंवा हातातल्या चमच्याची अस्वच्छता. फळांचा गर घालत असाल तर ही शक्यता आणखी वाढते.

नटाच्या सारणाची गोष्ट वेगळी. भाजलेले हेझलनट किंवा बदाम आणि साखर समभाग घेऊन केलेल्या पेस्टमध्ये पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ती आंबत नाही. पण नटाचं तेल हळूहळू कवचात झिरपतं, कवच मऊ पडतं आणि बाहेर पांढरट थर येतो. १०० ग्रॅम पेस्टला ४०-५० ग्रॅम वितळलेलं दूध चॉकलेट मिसळा, २४-२५ अंशांपर्यंत ढवळत गार करा आणि मग भरा. त्यातलं कोको बटर गोठून तेलाला धरून ठेवतं. या चॉकलेटांना कवचही किंचित जाड ठेवा.

ठाण्याची हवा हा मोठा घटक आहे. खोली २०-२२ अंश आणि दमटपणा ५५-६० टक्क्यांच्या आत हवा. पावसाळ्यात नुसता एसी पुरत नाही, ओलावा शोषणारं यंत्र लागतं, नाहीतर फ्रिजमधून साचा काढताच त्यावर पाणी धरतं. त्या पाण्यात साखर विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरा थर राहतो. हा आणि टेम्परिंगचा करडा थर वेगळे ओळखता येतात: बोट ओलं करून घासा. विरघळला तर साखर, घसरला तर फॅट. ग्राहकाला देताना सांगा, की फ्रिजमधून डबा काढल्यावर तो न उघडता अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवायचा. क्रीमचं गनाश असेल तर दोन आठवड्यांची मुदत लिहा, चाचणी केल्याशिवाय जास्त नको. डब्यात दोनपेक्षा जास्त थर रचू नका आणि प्रत्येक थराखाली कडक कागद घाला. लुईज अगोस्तिनी यांचा हिशेब आजही तसाच लागू पडतो, फक्त त्यांना रिक्षाच्या खड्ड्यांची फिकीर नव्हती.

डब्यावर काय लिहायचं. बेल्जियममधल्या उत्पादकांची २००७ पासूनची एक ऐच्छिक संहिता आहे. तीप्रमाणे ‘बेल्जियन चॉकलेट’ म्हणायला मिश्रण, दळणं आणि कौंचिंग ही कामं बेल्जियममध्ये झालेली हवीत. म्हणजे तुमच्या बाबतीत सगळं कुव्हर्चर कुठे तयार झालं यावर ठरतं. कुव्हर्चर बेल्जियममध्ये तयार झालेलं असेल आणि पिशवीवर तसं छापलेलं असेल, तर ‘बेल्जियन चॉकलेटचं कवच’ किंवा ‘बेल्जियन कुव्हर्चर वापरून’ असं लिहा, आणि ठाण्यात तयार केलं हेही त्याच बाजूला लिहा. कुव्हर्चर बारामतीचं किंवा अन्य कुठलं असेल तर तो शब्द टाळा. ‘बेल्जियन पद्धतीची भरलेली चॉकलेटं’ म्हणता येईल, कारण कवच आधी आणि सारण नंतर ही पद्धत तिकडचीच आहे. कंपाउंड असेल तर डब्यावर कंपाउंड असंच लिहा. भरलेल्या चॉकलेटमध्ये चॉकलेटचा वाटा एकूण वजनाच्या किमान २५ टक्के असावा, असा आपल्याकडचा आणि युरोपातला दोन्हीकडचा नियम आहे. वरच्या प्रमाणात तुमचा ४० टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे ती काळजी नको.

पुढचा घाणा करताना एकच बदल करून बघा: दीड मिलिमीटर जागा सोडा आणि १२ तास थांबा. बाकी काही बदलू नका. गळती थांबली तर शिवणच होती. नाही थांबली तर सारणाची पूर्ण कृती वजनांसकट लिहा, क्रीमच्या डब्यावरची फॅटची टक्केवारी आणि साचा कुठला तेही.